नाव कोरलेला डबा

१

राख अजून गरम होती, आणि नाना पाटलीणबाईंना म्हणत होते, "वहिनी, पंचनाम्यावर तेवढी सही करून टाका. फौजदारसाहेबांना पुढं लई कामं हायत."

घाटनांदूरजवळच्या त्या वाडीच्या पोलीस पाटील म्हणजे भिवराबाई. सगळे त्यांना पाटलीणबाईच म्हणत. नवरा गेल्यावर ही पाटीलकी त्यांना मिळावी म्हणून खेटे घातले ते चुलत दीर राधाकिशनरावांनी, म्हणजे याच नानांनी. कापसाचं जिनिंग नानांचं, शाळा नानांची, आणि ऊसतोडीच्या टोळ्या नेणारे मुकादम पहाटेपासून नानांच्या ओसरीवर. असल्या माणसाला नाही म्हणायची सवय वाडीत कुणालाच नव्हती, मग पाटलीणबाईंना कुठून असणार!

आदल्या दिवशी वेळ अमावस्या, म्हणजे येळवस होती. या भागात त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. जो तो आपल्या रानात. कडब्याची कोप करायची, आत पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, आंबील-भज्जी खायची, वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून जेवू घालायचं. आणि दिवस मावळला की कडब्याची पेंढी पेटवून रानाभोवती फिरवायची. तिला म्हणतात हेंडगा. काल चहूकडं असे हेंडगे फिरत होते, धुराचे लोट उठत होते, त्यात जिनिंगचा धूर कुणाच्या ध्यानात येतो? लोक पळत आले तोवर कापसाची गंजी जळून खाली बसली होती.

भिंतीजवळ सापडला तो तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा. वरच्या कप्प्याला डिझेलचा भपकारा. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं, 'सौ. मंगल आदिनाथ'.

"साक्षीदारही आहे," फौजदार म्हणाले. तरणे होते, नुकतेच बदलून आलेले, आणि बोलताना निम्मं लक्ष नानांकडं. "शेजारच्या रानातल्या गहिनीनाथनं तिला डबा घेऊन आत जाताना पाहिलंय. डोळ्यांनी."

कालपरवापर्यंत जिनिंगवर कामाला असलेली मंगल जीपमध्ये बसली होती. तिच्या ओठांना कोरड पडली होती, पण डोळ्यात पाणी नव्हतं.

पाटलीणबाई खाली वाकल्या. मूठभर राख उचलून त्यांनी बोटांत चोळली. जोंधळ्याच्या पिठासारखी मऊ, बोटांतून सुळकन निसटणारी. काहीतरी कमी होतं त्या राखेत. काय, ते आठवेना.

"सही दुपारी करते, नाना," त्या म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. "तोवर त्यो डबा साहेबांपाशीच ऱ्हाऊ द्या. कुणी हात लावू नगा."

नाना हसले. "बघा की. आपलंच हाय समदं." मग पुढं येऊन अगदी हळू बोलले, "दुपारपर्यंतच बरं का, वहिनी."

२

पाटलीणबाई जीपच्या दाराशी गेल्या. पहाऱ्यावरच्या पोलीस बाईनं तोंड फिरवलं, तेवढीच मेहेरबानी.

"मंगल, खरं सांग. आलतीस का हितं?"

"न्हाई वो मावशी. सांजच्याला मी आमच्याच रानात होते. आदिनाथ हेंडगा घिऊन म्होरं आन मी मागं. पर नवऱ्याची साक्ष कोण धरतंय?"

भांडण कुठून पेटलं ते वाडीला पाठ होतं. जिनिंगवरच्या गीताबाईची बोटं यंत्रात गेली, तेव्हा नानांनी सांगितलं की बाईला घरी कडबाकुट्टीत लागलं. त्या दिवसापासून मंगल घरोघर फिरायला लागली. आपली युनियन पाहिजे, म्हणायला लागली. बायका हळूहळू हो म्हणाल्या, गडीही म्हणाले. मग नानांनी एकेकाला खोलीत बोलावलं. "कुणाकुणाचा अंगठा हाय सांग, न्हाईतर फाटक बंद." हनुमान मुकादमाला पुढारी करून नानांनी स्वतःचीच एक युनियन उभी केली आणि त्यात या म्हणून दम भरला. जिनिंगला कुलूप लावीन, ही धमकी तर रोजचीच. पत्रकं आत जाऊ नयेत म्हणून बायकांचे डबे फाटकावरच काढून घ्यायला सुरुवात झाली. एवढ्यानंही कुणी फुटेना, तेव्हा गुरुवारी चालू कामातून मंगलला बाहेर काढलं.

त्याचीच तक्रार झाली होती, आणि उद्या बीडचे कामगार अधिकारी वाडीत येणार होते. मंगल कोठडीत असली तर त्यांच्यासमोर तोंड कोण उघडणार? गीताबाई? ती अजून झोपेत दचकून उठते.

"डबा तुझाच ना?"

"माझाच. आईनं रुखवतात दिलेला. बेस्तरवारी हनुमान मुकादमानं दंडाला धरून काढलं मला. मोकळ्या हातानं घरी गेले. डबा फाटकाच्या खोलीतच ऱ्हायला. मागितला तर म्हनला, नाना देतील तवा."

"कुणी बघितलं?"

"समद्यांनी. बोलतंय कोण?" मंगलनं जीपच्या गजाला डोकं टेकवलं. "आन मावशी, दार लावून आमी जे बोलायचो ना, ते सकाळी नानाच्या कानावर गेलेलं असायचं. भाईरचं कुणी न्हाई. आमच्यातलाच हाय."

"कोण?"

"बास झालं, बाई," पोलीस बाई म्हणाली. फाटकातून नाना इकडंच बघत होते.

३

सटवा फाटकावरचा राखणदार. दाढी पांढरी झाली तरी 'ए सटवा' हीच हाक. पाटलीणबाई येताना दिसल्या तसा तो उगाच झाडू शोधायला लागला.

"सटवाभाऊ, त्या खोलीची किल्ली कुणाकडं असती?"

"माझ्याकडंच की, बाईसाब." त्याचा हात कमरेच्या करदोड्याकडं गेला आणि रिकामाच परत आला. मग तो ओशाळला. "रविवारी नानांनी सुट्टी दिली मला. म्हनले, सटवा, येळवस लेकराबाळांत कर. किल्ल्या हनुमानकडं दे. जिनिंग झाल्यापून पयल्यांदा सुट्टी मिळाली बघा."

"आन तू गेलास तवा गंजी कशी हुती?"

सटवानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "बाईसाब, माझं पोरगं हितंच कामाला हाय," एवढं बोलून त्यानं हात जोडले.

जोडलेल्या हातांना कुठवर छेडणार! पाटलीणबाई वळसा घालून जिनिंगच्या मागच्या बाजूला गेल्या. मागचं फाटक कायम बंद. तिकडून केजच्या रस्त्याला लागणारी एक गाडवाट आहे, दोन्ही अंगांनी बाभळी, आणि वाहनाचं नाव नाही. एरवी तिकडं शेळ्यांशिवाय कुणी फिरकत नाही.

आज त्या बाभळींना कापूस लागला होता.

भरलेल्या ट्रॉल्या खेटून गेल्या की काट्यांना जसे पुंजके अडकतात, तसे. वाटेवर टायरच्या ताज्या चाकोऱ्या. पाटलीणबाईंनी एक पुंजका काढून बोटांत धरला. मऊ कापूस, आणि आत चिमटीला टोचणारी सरकी. एक, दोन, चार बिया.

सकाळच्या राखेत हेच नव्हतं! शेतातून आलेला कापूस जळाला तर सरकी कुठं जाते? ती फुटते, काळी पडते, पण राखेत राहते, पायाखाली कुरकुरते. आणि सकाळची राख नुसती पिठासारखी.

मोटारसायकल अगदी पाठीशी येऊन थांबली. हनुमान मुकादम होता. गळ्यात सोन्याचा गोफ, डोळ्यावर काळा चष्मा.

"पाटलीणबाई, उन्हात कशाला हिंडताय? नाना काळजी करायलेत."

"शेळी शोधायले."

"तुमाला शेळ्या हायत व्हय? मला ठाऊक न्हवतं." त्यानं गाडी बंद केली नाही. इंजिन गुरगुरत राहिलं. "पाटीलकीची मुदत संपत आली म्हनं तुमची. नानांनी शिफारस केली तर बरं. न्हाईतर या वयात काय कापूस येचायला जाणार का?" बोलता बोलता त्याची नजर त्यांच्या बंद मुठीवर आली आणि तिथंच थांबली. "मुठीत काय हाय?"

४

"तमाकू," पाटलीणबाई म्हणाल्या आणि चालू लागल्या. मोटारसायकल थोडं अंतर ठेवून मागं येत राहिली आणि गहिनीनाथच्या बांधापाशी थांबली.

गहिनीनाथचं रान जिनिंगच्या भिंतीला लागून. युनियनच्या कामात मंगलच्या खालोखाल त्याचंच नाव. बायकांना घरी पोचवायला रोज तो जायचा. म्हणून तर त्याची साक्ष सगळ्यांना खरी वाटत होती. आपलाच माणूस आपल्या बाईवर खोटं कसं बोलेल?

कोपीत त्याची बायको साखराबाई कालची भांडी गोळा करत होती. पाटलीणबाईंना बघून तिनं पदर सावरला. "या की बाई. भज्जी ऱ्हायलीय थोडी, खाऊन जावा."

पाटलीणबाई टेकल्या. समोर चुना लावलेले पाच दगड, त्यांच्यापुढं वाळलेली फुलं. आणि कोपीच्या कुडाला टेकवून ठेवलेली, दोरीनं नीट बांधलेली कडब्याची एक पेंढी. करकरीत कोरडी. तिला काडीसुद्धा लागलेली नव्हती.

"साखराबाई, ह्यो हेंडगा तसाच कसा गं?"

आणि साखराबाईचा बांध फुटला. "कुणाला सांगू, बाई! सांच्याला आमचा मानूस म्हनला, जिनिंगवर जरा काम हाय, आलोच. आलाच न्हाई. वाट बघून बघून डोळे गेले. बाईमानसानं कसा फिरवावा? समद्यांची रानं उजळली, आमचंच तेवढं अंधारात. नांदायला आल्यापून असं कधी झालं न्हाई. वरीस कसं जातंय देव जाणे."

पाटलीणबाईंना त्या भज्जीचा घास गिळवेना. ही बाई आपल्या रानाच्या काळजीनं बोलत होती. आपण कुणाच्या गळ्याला फास लावतोय याची तिला गंधवार्ता नव्हती. सांगावं का तिला? गप्प बस म्हणावं का?

तेवढ्यात बांधावरून गहिनीनाथ आला. दाढी वाढलेली, डोळे तांबडे. पाटलीणबाईंना बघून जागीच थबकला.

"गहिनीनाथ, मंगल तुला दिसली ती कुठून?"

"हितूनच, पाटलीणबाई. बांधावरनं." पाठ केल्यासारखं तो बोलत गेला. "दिवस बुडायला मी हेंडगा फिरवायलो हुतो, तवा ती डबा घिऊन आत जाताना दिसली."

साखराबाईच्या हातातलं भगुणं खाली पडलं. तिनं नवऱ्याकडं बघितलं, मग कुडाला टेकलेल्या पेंढीकडं.

५

दुपारी जिनिंगच्या आवारात सगळी वाडी जमली. नाना खुर्चीवर, शेजारी फौजदार, मागं हनुमान. पंचनाम्याचा कागद टेबलावर, त्यावर डबा ठेवलेला. मंगलला जीपमधून उतरवून समोर उभं केलं होतं. आदिनाथ तिच्याजवळ जायला बघत होता आणि शिपाई त्याला मागं रेटत होते.

"करा सही, वहिनी," नाना म्हणाले.

पाटलीणबाईंनी पेन घेतलं नाही. "साहेब, तुमी डबा उघडून बघितला का?"

"बघितला की. डिझेल आहे."

"वरचा कप्पा बघितला. खालचे?"

फौजदारांनी डबा पुढं सरकवला. घरी डबा भरून देणारी बाई असली की खालच्या कप्प्याचा विचार कोण करतो?

पाटलीणबाईंनी कडी सोडली. मधल्या कप्प्यात शेंगदाण्याची आमटी आटून काळी पडली होती. खालचा कप्पा घट्ट बसला होता, तो पदरात धरून त्यांनी पिळला. झाकण निघालं आणि आंबूस वास सुटला. आत भगर होती. न शिवलेली, थापटून भरलेली, आणि तिच्यावर हिरवी बुरशी आलेली.

बायकांच्या घोळक्यातून एक आवाज उठला. फौजदारांना कळेना.

"साहेब, ही उपासाची भगर. काल येळवस. काल हितल्या कुठल्या घरात उपास हुता? काल तर पोट फुटस्तोवर जेवायचं. उपास हुता मार्गशीर्षातल्या बेस्तरवारी, आन त्याच दिवशी जेवायच्या आधी मंगलला फाटकाभाईर काढलं. घरी नेलेला डबा असता तर तिनं घासला नसता का? बुरशीच्या भगरीवर डिझेल भरून कोण बाई निघंल? ह्यो डबा फाटकाच्या खोलीतनं हाललाच न्हाई. रविवारपून त्या खोलीची किल्ली हनुमानकडं हाय."

"कायबी काय!" हनुमान पुढं सरसावला. "कुणी बी काढला आसंल!"

"मग गंजी बी कुणी बी बदलली का?" पाटलीणबाईंनी राखेत हात घालून मूठ वर काढली आणि लोकांसमोर धरली. "तुमी समदे कापसातली मानसं. सांगा, सरकी कुठाय ह्यात? एक तरी दावा!"

लोक राखेकडं धावले. मुठी भरल्या, बोटं चोळली. सटवाही वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"ही जिनिंगची झाडलोट जळाली, साहेब. सरकी काढलेल्या रुईचा कचरा. खरा कापूस मागच्या फाटकातनं ट्रॉल्या भरून केजकडं गेला, त्याचे पुंजके अजून बाभळींना हायत. मंगलपाशी ट्रॅक्टर न्हाई. मागच्या फाटकाची किल्ली बी न्हाई. ज्यानं आग लावली त्याला कापूस जाळायचाच न्हवता, ह्या बाईला जाळायचं हुतं. उद्या बीडचे साहेब यायच्या आत."

आता सगळ्यांच्या नजरा गहिनीनाथकडं वळल्या. पाटलीणबाईंनी त्याला विचारलं नाही. त्यांनी साखराबाईकडं बघितलं. साखराबाई गर्दीतून पुढं आली. काखेत ती कोरडी पेंढी होती. ती नवऱ्याच्या पायाशी टाकून ती म्हणाली, "सांग की. कुठला हेंडगा फिरवत हुतास?"

गहिनीनाथ मटकन खाली बसला. "पोरगी संस्कृती नानांच्या शाळंत मास्तरीण म्हनून लागली," तो जमिनीकडं बघत बोलायला लागला. "नाना म्हनले, तिला उद्याच्याला घरी बसवीन. आधी नुसतं सांगायचं हुतं, कोण काय बोलतंय. मग म्हनले डबा ठिव. मग म्हनले बघितलं म्हनून सांग. डिझेल हनुमाननं दिलं. मंगल, मला..." मंगलनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

दहा-बारा मोबाईल वर झाले होते. फौजदारांनी ते बघितले, नानांकडं बघितलं, आणि पंचनाम्याचा कागद घडी करून खिशात घातला. "बाईंना सोडा," ते शिपायाला म्हणाले. "गहिनीनाथ आणि मुकादम, चला ठाण्यात."

"आन ट्रॅक्टर कुणाचे, ते?" पाटलीणबाईंनी विचारलं.

"चौकशी होईल," फौजदार पायांकडं बघत म्हणाले.

नाना शांतपणे उठले. धोतराचा सोगा झटकला. "मानसं माझ्या नावावर काय काय करत्यात बघा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग पाटलीणबाईंच्या जवळून जाताना थांबले. "लई बारीक नजर हाय तुमची, वहिनी. जपून ऱ्हावा."

६

उन्हं कलता कलता पाटलीणबाई घरी आल्या. आज कधी नव्हे ते अंगणात पाय ठेवतानाच त्यांना दार लावलेलं आहे की उघडं, हे बघावंसं वाटलं. दार लावलेलं होतं. कुलूप जसंच्या तसं. कोंबड्या फिरत होत्या.

पाय धुवायला त्या न्हाणीकडं वळल्या आणि थांबल्या.

धुण्याच्या दगडावरचा तांब्या नव्हता. पितळी, बुडाशी चेपलेला. लग्नात भावानं दिलेला, काठावर 'भिवराबाई' असं कोरलेला. सकाळी घाईत तिथंच ठेवून त्या जिनिंगवर गेल्या होत्या. चोर आला म्हणावं तर शेजारी स्टीलची नवी कोरी घागर होती, तिला कुणी हात लावला नव्हता.

पाटलीणबाई दगडावर बसल्या. तो तांब्या आता कुठं सापडणार होता? कुणाच्या विहिरीत, कुणाच्या जळक्या गोठ्यात, कुणाच्या मढ्यापाशी? त्यांना खूप भीती वाटली. नानांचे उपकार आठवले, आणि आज संध्याकाळीच जाऊन पाय धरावेत असंही क्षणभर मनात आलं.

मग त्या उठल्या आणि तशाच न धुतलेल्या पायांनी मारुतीच्या देवळात गेल्या. हरिपाठाचा भोंगा तिथं असतो. पुजाऱ्याला न विचारता त्यांनी कळ दाबली.

"ऐका हो ऐका. मी पोलीस पाटील भिवराबाई बोलायले. आज माझ्या दारातनं माझ्या नावाचा तांब्या चोरीला गेलाय. पितळी हाय, बुडाला पोचा हाय. आजपून त्यो जिथं कुठं सापडंल, तिथं मी गेलते असं कुणी समजू नगा. तिथं कोण गेलतं, ते नानांच्या वाड्यावर जाऊन इचारा!"

भोंगा रानारानात घुमला. बांधावरची माणसं उभी राहिली. जिनिंगच्या गच्चीवर कुणीतरी पाठमोरं उभं होतं, ते आत गेलं.

पाटलीणबाई घरी परतल्या तेव्हा अंगणात मंगल होती. तिच्या मागं गीताबाई, आणि तिच्या मागं साखराबाई, डोळे सुजलेली, जरा लांब उभी. उद्या बीडच्या साहेबांसमोर बोलायला आणखी कोण कोण येणार, ते सांगायला त्या आल्या होत्या. गीताबाई म्हणाली, मी पहिली बोलणार.

मंगलनं पदराखालून एक तांब्या काढून दगडावर ठेवला. काठावर तिचं नाव होतं.

"हा वापरा, मावशी," ती म्हणाली. "आन आता भांडी घरात ठेवत जावा."